आयएफएस पहिल्या नंबरला टाकायच्या आधी एवढं करा

सांगलीच्या अभ्यासिकांमधली बहुतेक पोरं कलेक्टर किंवा एसपी व्हायला बसलेली असतात, पण मधूनच एखादा म्हणतो मला आयएफएस (भारतीय परराष्ट्र सेवा), आणि डोक्यात असतं सूट, पार्ट्या, फॉरेन. कुठली सेवा आधी हवी तो पसंतीक्रम भरायच्या आधी काम नक्की काय असतं ते तपासून घ्या, कसं ते सांगतो.

परीक्षा तीच, यूपीएससी. मेन्स 1750 मार्कांची, मुलाखत 275 ची. मराठीतून पेपर लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा पेपर नुसता पास व्हायचा असतो म्हणून पोरं तो ढकलतात, पण नोकरीत दिल्लीला रिपोर्ट इंग्रजीतच पाठवायचा असतो. त्यामुळे रोज एक परदेशी बातमी घ्या आणि पानभर लिहा, कोण काय बोललं, का बोललं, भारताला त्यात काय. दूतावासात बसून हेच करायचंय.

निवडीनंतर मसुरीला ट्रेनिंग, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग एक परकी भाषा वाट्याला येते, अरबी, चिनी, रशियन, स्पॅनिश असं काहीही, आणि ती परीक्षा पास व्हावीच लागते. आत्ताच कुठला क्लास लावून पैसे घालवू नका.

आता कुणी न सांगणारा भाग, कॉन्सुलर काम, म्हणजे परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांची कामं. आपल्याकडचा कुणी आखातात गेला, मालकानं पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला, कुणाला अटक झाली, कुणी तिकडंच वारला आणि घरचे बॉडीची वाट बघत बसलेत, हे सगळं तुमच्या टेबलावर येतं, म्हणजे तहसील कचेरीच म्हणा, फक्त कायदा दुसऱ्याच्या देशाचा. 1963 च्या व्हिएन्ना करारानं अटकेतल्या आपल्या माणसाला भेटायचा हक्क आहे, सोडवून आणायचा नाही. रडणाऱ्या आईला फोनवर हे सांगायला जमेल का बघा. गावात आखातातून परत आलेला कुणी असेल तर त्याच्याजवळ तासभर बसा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर कसल्या तक्रारी घेतात ते वाचा.

दुसरा अभ्यास घरबसल्या होतो. तासगावचा बेदाणा नाहीतर आपली हळद घ्या, एक देश निवडा, तिथं कुणाचा माल जातो, कीटकनाशकाच्या अंशाचे नियम काय, ड्युटी किती ते शोधा. दूतावासाच्या कमर्शियल विंगला हेच काम असतं, आणि सांगलीचा म्हटल्यावर मुलाखतीत हळद निघायची शक्यता आहेच.

आणि घरात बोला. साधारण तीन वर्षांनी देश बदलतो, अवघड ठिकाणी त्याआधीच. पोरांची शाळा बदलते, जोडीदाराची नोकरी बहुतेक वेळा अडकते, आईवडील इथं. मुलींना घरचे म्हणतील ही बायकांची नोकरी नव्हे, तर त्यांना सी. बी. मुथम्मांचं सांगा, आयएफएसमधली पहिली बाई, 1949 ची. तेव्हा बाई अधिकाऱ्याला लग्नाला सरकारची लेखी परवानगी लागायची, त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि 1979 मध्ये कोर्टानं सरकारला चांगलंच सुनावलं.

एवढं करूनही पहिला नंबर आयएफएसलाच द्यावासा वाटला तर दुसऱ्या नंबरला काय टाकायचं तेही आत्ताच ठरवून ठेवा, जागा मोजक्याच असतात.