फोटो कुठनं आला आणि लागणार कुठं

सांगलीजवळच्या एका तालुक्याच्या गावात मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा मला डिझाइनचं कोरलड्रॉ येत होतं, फोटोवर काम करायचं फोटोशॉप येत होतं, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर हात बसलेला होता. तेवढ्यावर काम निभेल असं मला वाटत होतं. पहिल्याच पंधरवड्यात श्रद्धांजलीचा एक फ्लेक्स आला, सहा बाय चार फुटांचा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, घरातल्या दहा-बारा जणांचा, त्यातले आजोबा तेवढे कापून घ्यायचे होते. क्लासमध्ये ‘छपाईला 300 डीपीआय लागतो’, म्हणजे इंचाला 300 ठिपके, हे एक वाक्य पाठ झालं होतं. मी इमेज साइज उघडलं, 72 खोडून 300 टाकलं आणि ओके केलं. फाइल चांगली जड झाली, म्हणून मी निश्चिंत झाले.

मशीनवरून फ्लेक्स उतरला तेव्हा आजोबांच्या डोळ्यांच्या जागी करडे चौकोन होते, आणि मिशी नि ओठ एकमेकांत मिसळलेले. न्यायला आलेला नातू बराच वेळ बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, “ह्याच्यापेक्षा चांगला नाही का येणार, ताई?” ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, संध्याकाळी आले. त्यांनी फ्लेक्सकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “पोरी, फोटो कुठनं आला? आणि लागणार कुठं?” मला दोन्हींची उत्तरं माहीत नव्हती. त्यांनी त्या नातवाला फोन केला, घरातल्या एका लग्नाचा अल्बम मागवला, त्यातला पोस्टकार्ड आकाराचा फोटो स्कॅन केला आणि रात्री नऊ वाजता दुसरा फ्लेक्स छापून दिला. पैसे घेतले नाहीत. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी अजूनही सगळ्यात आधी हेच दोन प्रश्न शिकवते.

त्या दिवशी नेमकं काय चुकलं, ते आकड्यांत बघू. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणजे फाइल लहान व्हावी म्हणून तपशील कमी केला जातो, आणि त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलांपर्यंत येते. त्यात दहा-बारा माणसं. आजोबांचं डोकं आणि खांदे मिळून रुंदीला जेमतेम 300 पिक्सेल. फ्लेक्सवर ते 30 इंच रुंद छापायचे होते, म्हणजे एका इंचाला 10 पिक्सेल. मी 300 हा आकडा टाकला तेव्हा फोटोशॉपने मधल्या जागा अंदाजाने भरल्या, नवा तपशील एक कणभरही आला नाही. आणि ते करडे चौकोन? जेपीईजी, म्हणजे फोटो दाबून साठवायचा नेहमीचा प्रकार, चित्राला आठ बाय आठ पिक्सेलांच्या खणांत साठवतं. जास्त दाबलं की खणांच्या कडा दिसायला लागतात. इंचाला 10 पिक्सेल असताना एक खण छापून दोन सेंटिमीटरचा होतो. मी आजोबांच्या डोळ्यांवर ते खण छापले होते.

म्हणून डीपीआयचा रकाना आधी बघू नका. फोटो किती पिक्सेलांचा आहे ते बघा, त्यातला कापून वापरायचा भाग किती पिक्सेलांचा आहे ते बघा, आणि त्याला छापायच्या इंचांनी भागा. येईल तो आकडा खरा.

आता तो आकडा किती हवा, हे अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. हातात धरलेलं मासिक आपण फूटभर अंतरावरून वाचतो, तिथे हा हिशोब इंचाला 286 पिक्सेलांवर येतो, आणि 300 हा आकडा त्याच्याच जवळपासचा. अंतर वाढलं की गरज त्याच प्रमाणात उतरते. मी मनाशी सोपं गणित ठेवलंय: 300 ला फुटांतल्या अंतराने भागायचं. दहा फुटांवरून बघणार असतील तर 30 पुरतात, तीन फुटांवरून बघणार असतील तर 100. हा खालचा काठ समजा आणि जमेल तिथे दुप्पट ठेवा, कारण माणसं जवळ जातात, आणि हल्ली प्रत्येक जण बॅनरपुढे उभा राहून फोटो काढतो.

मशीनवर लिहिलेला 720 किंवा 1440 हा आकडा मात्र यात आणू नका. तो शाईच्या थेंबांचा आहे. एका पिक्सेलचा रंग उभा करायला मशीन बरेच थेंब टाकतं, म्हणून 1440 च्या मशीनला 1440 चा फोटो लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाचा इथे गोंधळ होतो.

हे सगळं एका कामात मला नीट उमगलं, ते सांगते. जवळच्या एका शाळेचा शतकमहोत्सव होता. स्टेजच्या मागे वीस बाय दहा फुटांचा पडदा आणि त्यावर संस्थापकांचा फोटो चार फूट रुंद. शाळेतून जो फोटो आला तो फ्रेमचा मोबाइलवर काढलेला, काचेवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ थेट पगडीवर. मी शिपाईमामांना सांगून फ्रेम उतरवून घेतली आणि मागचा पुठ्ठा काढला. आत जुना, कॅबिनेट आकाराचा, जाड कागदावर चिकटवलेला फोटो होता. जुने फोटो पुष्कळदा काचेला चिकटलेले असतात. तसं असेल तर ओढू नका, फोटोचा थर काचेवर राहतो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावून, समोर काळं कापड धरून काचेसकट फोटो काढावा. आमचा सुटा होता. ओलं फडकं न लावता मऊ ब्रशने धूळ झटकली आणि स्कॅनरवर ठेवला.

स्कॅन 600 डीपीआयला केला. जुन्या छापील फोटोत त्याच्या पुढे फारसा तपशील नसतो, 1200 ला कागदाचे तंतू तेवढे जास्त दिसतात. जुना फोटो काळापांढरा असला तरी रंगीतच स्कॅन करायचा, 16 बिटला (त्यात छटा जास्त बारकाईने साठतात), आणि टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, ठेवायचा. त्याचं कारण त्या दिवशी डोळ्यांपुढे आलं. फोटोवर पिवळट डाग होते, एक गालावर, एक उपरण्यावर. चॅनेल, म्हणजे फोटोतले लाल, हिरवा, निळा हे थर, वेगवेगळे करून पाहिले तर निळ्या चॅनेलमध्ये डाग काळेभोर, आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ गायब. लाल चॅनेल घेतला, त्यावरून काळंपांढरं चित्र बनवलं, आणि क्लोन स्टॅम्पने (शेजारचा तुकडा डागावर उमटवायच्या साधनाने) तासन्‌तास खरवडत बसायचं काम दहा मिनिटांवर आलं. गालाचा पोत तसाच राहिला, हे जास्त महत्त्वाचं.

वापरायचा भाग चार बाय साडेपाच इंच होता. 600 ला 2400 बाय 3300 पिक्सेल. चार फूट म्हणजे 48 इंच, 2400 भागिले 48, बरोबर 50. पहिली रांग बारा फुटांवर, तिला 25 पुरत होते. आकडा दुप्पट होता, तरी मला धीर नव्हता. मग मी डोळा आणि पगडीची कड एवढाच तुकडा प्रत्यक्ष मापात कापला, साध्या ए-फोर कागदावर छापला आणि दुकानाच्या भिंतीला चिकटपट्टीने लावला. जवळून ते ढगाळ, विरलेलं चित्र होतं. दुकानाच्या शटरपर्यंत मागे गेले आणि तिथून बुबुळातला खिडकीचा पांढरा ठिपका स्वच्छ दिसला. स्क्रीनवर शंभर टक्क्यांना झूम करून छपाईचा अंदाज येत नाही. हा दोन रुपयांचा कागद छापायला कधीही आळस करू नका.

पुढे फाइलचा प्रश्न. वीस बाय दहा फूट 300 ला करायचं म्हटलं तर 72,000 बाय 36,000 पिक्सेल होतात, उघडल्यावर सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, दहा जीबीच्या वर. जेपीईजीची एक बाजू 65,535 पिक्सेलांपुढे जात नाही, पीएसडीची, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलची, 30,000 ला थांबते, म्हणजे ती नेहमीच्या पद्धतीने सेव्हसुद्धा होणार नाही. हीच फाइल 72 ला 17,280 बाय 8,640 होते, सहाशे एमबीच्या आसपास, आणि कोणतंही बरं मशीन ती ओढतं. साधी पीडीएफही 200 इंचांना, म्हणजे पावणेसतरा फुटांच्या आत अडते, म्हणून मोठी कामं आम्ही दहास एक मापात करतो: 20 फुटांचं 24 इंच. इथे एक खड्डा आहे. छोट्या मापात 300 ला बिटमॅप, म्हणजे पिक्सेलांचं चित्र, केलं तर छापताना ते 30 होतं. शेवटी 72 हवे असतील तर त्या छोट्या फाइलमध्ये 720 लागतात. आणि फाइलच्या नावातच माप, नग आणि ‘दहापट’ हा शब्द लिहा, कारण रात्री मशीनवर बसलेला मुलगा तुमच्या मनातलं वाचू शकत नाही. पडदा दोन पट्ट्यांत निघणार असेल तर जोड कुठून जाणार ते विचारून घ्या, तो चेहऱ्यावरून जाता कामा नये. चारी कडांना रिंगा मारायला जागा सोडा.

अक्षरं फोटोशॉपमध्ये फोटोबरोबर एकजीव करू नका. ती कोरलमध्येच ठेवून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे रेषांचे आकार बनवा, मग ती कितीही मोठी केली तरी कड धारदार राहते आणि दुसऱ्याच्या मशीनवर श्रीलिपीचा फॉन्ट नसला तरी मजकूर मोडत नाही. कर्व्ह केल्यावर रफार आणि ‘ऱ्य’ एकदा डोळ्यांखालून घालाच. रंगाचं थोडक्यात सांगते. स्क्रीनवरचा झगमगीत निळा छापताना जांभळ्याकडे झुकतो, आणि भगव्यात थोडासा सायन (आकाशी निळी शाई) शिरला तरी तो मळतो. भगव्याला मी सायन शून्य, मॅजेंटा (गुलाबी शाई) 60 च्या आसपास, पिवळा 100 धरते आणि त्या मशीनवर, त्याच मटेरियलवर पट्टी काढून बघते.

नंतर काही वर्षांनी पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात लावायला किल्ल्यांचे फोटो तयार करायचं काम मिळालं, आणि तिथे फ्लेक्सचं गणित अपुरं पडलं. प्रिंट 24 बाय 36 इंचांच्या होत्या. किल्ल्याचा फोटो माणसं लांबून बघत नाहीत. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा दरवाजा दिसतोय का, म्हणून नाक लावून बघतात. त्यामुळे प्रदर्शनाला मी 150 च्या खाली जात नाही. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 चा असतो, 36 इंचांवर तो 167 देतो आणि प्रमाणही तीनास दोन असल्याने काही कापावं लागत नाही. फोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000, तो 111 वर येतो आणि वर-खाली कापावाही लागतो. तसे फोटो आम्ही लहान आकारात छापले. कोकणकड्याच्या एका फोटोत आभाळात पायऱ्या पडल्यासारखे पट्टे आले होते. आठ बिटच्या जेपीईजीवर पुन्हा पुन्हा काम करून सेव्ह केल्याचा तो परिणाम होता. फोटोग्राफरकडून मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, मागवली, 16 बिटमध्ये पहिल्यापासून काम केलं, पट्टे गेले. ज्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह होत्या, त्यांना प्रिंटऐवजी निगेटिव्हच आणायला सांगितलं. 35 मिलिमीटरची निगेटिव्ह 4000 डीपीआयला स्कॅन केली की साधारण 5,600 बाय 3,700 पिक्सेल हाती येतात.

आता मुलं विचारतात, एआयने फोटो मोठा होतो, मग एवढा खटाटोप कशाला? दगड, झाडं, डोंगर यांना मीही ते वापरते. चेहऱ्याला मात्र जपून, कारण ते तपशील शोधून काढत नाही, रचतं. मागच्या वर्षी एका आजींचा फोटो आला, पासपोर्ट आकाराचा, आणि वेळ कमी होता म्हणून तो एआयमधून काढला. चेहरा काचेसारखा स्वच्छ आला. घरचे बघायला आले, आणि सून म्हणाली, “ह्या आमच्या आत्या नाहीत वाटत.” कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण एआयने डाग समजून पुसून टाकलं होतं. मी मूळ स्कॅन वरच्या थरावर ठेवला, मास्क लावला, म्हणजे त्या थराचा हवा तेवढाच भाग दिसतो, आणि कपाळ, हनुवटी, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मूळच्या परत आणल्या. तेवढा भाग किंचित धूसर राहिला. आठ बाय सहाचा फ्लेक्स त्यांच्या दारात बांधला तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, आणि तिथून हनुवटीवरचे तिन्ही ठिपके मोजता येत होते.