आलेख कागदावर कृष्णविवर कसं काढायचं

नागपूरच्या महाल भागात माझी अकरावी-बारावीची शिकवणी आहे. मागच्या पावसाळ्यात एका पोरीनं विचारलं, "मॅडम, कृष्णविवरातून प्रकाश निघत नाही, समजलं. पण प्रकाशाहून जोरात पळणारं काही असलं तर? तेही काऊन निघणार नाही?" प्रश्न इतका नेमका होता की तोंडी उत्तर देऊन भागवणं मला पटेना. तेव्हापासून मी हे कागदावर काढूनच शिकवते. घरात दहावी झालेलं लेकरू असेल तर रविवारी दुपारी सोबत घेऊन बसा.

आलेख कागद, पट्टी, पेन्सिल, लाल, निळं आणि हिरवं पेन. ताणलेल्या चादरीवर गोळा ठेवायचा खेळ मी करत नाही. त्यात खड्डा दिसतो, क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती हद्द, कुठं आहे ते दिसत नाही.

आधी अंबाझरीचा ओव्हरफ्लो आठवा. तलावात पाणी संथ, सांडव्याजवळ येता येता ओढ वाढत जाते. मासोळीचा पोहण्याचा वेग ठरलेला. लांब असेल तर ती सहज मागं फिरते. पुढं एक जागा अशी येते की तिचं पोहणं आणि पाण्याची ओढ बरोबरीची होते, आणि कितीही जीव तोडला तरी ती जागच्या जागी राहते. तिथं भिंत नाही, जाळी नाही. कृष्णविवराकडे अवकाशच असा ओढला जातो असं धरा, आणि मासोळी म्हणजे प्रकाश. ही नुसती उपमा नाही. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं श्वार्झशिल्डनं 1916 साली मांडलेलं उत्तर 1921-22 मध्ये पेनलेव्ह आणि गुलस्ट्रँड यांनी वेगळ्या रूपात लिहिलं, त्यातून गणित हेच येतं: ओढीचा वेग म्हणजे प्रकाशाचा वेग गुणिले, क्षितिजाची त्रिज्या भागिले केंद्रापासूनचं अंतर, याचं वर्गमूळ.

आता कागद उभा धरा. डावीकडची उभी रेघ म्हणजे केंद्र. तिच्यापासून 4 सेंमीवर लाल उभी रेघ मारा, हे घटना क्षितिज. आडवं अंतर, वरच्या दिशेनं वेळ. आपल्या आकाशगंगेच्या मधलं कृष्णविवर घेऊ: सुमारे 43 लाख सूर्यांचं वस्तुमान, दर सूर्यामागे साधारण 3 किलोमीटर, म्हणून क्षितिजाची त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला 42 सेकंद लागतात, म्हणून उभे 4 सेंमी म्हणजे 42 सेकंद. हे घड्याळ कुणाचं? दुरून नुसता पडत येणाऱ्याचं. क्षितिज ओलांडल्यावर तो 28 सेकंदांत केंद्रात पोचतो.

पहिला ठिपका 16 सेंमीवर. अंतर क्षितिजाच्या चौपट, म्हणून ओढ प्रकाशवेगाच्या निम्मी. निळ्या पेननं दोन बाण काढा, दोन्ही 1 सेंमी वर जाणारे. बाहेर निघालेला प्रकाश अर्धा सेंमी उजवीकडे, आत निघालेला दीड सेंमी डावीकडे. दुसरा ठिपका लाल रेघेवर. इथे बाहेरचा बाण सरळ उभा, आतला 2 सेंमी डावीकडे. या उभ्या बाणापाशी मी पोरांना जरा थांबवते. प्रकाश बाहेरच धावतोय आणि रेघेवरून तसूभर हलत नाही, हे पट्टी लावून बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

तिसरा ठिपका 1 सेंमीवर. ओढ प्रकाशाच्या दुप्पट. जागा कमी आहे, बाण 2 मिमीच उंच काढा: "बाहेर" निघालेला 2 मिमी डावीकडे, आतला 6 मिमी. दोन्ही केंद्राकडे.

आता त्या पोरीचा प्रश्न. प्रकाशाहून वेगवान कणांचा नीट विचार 1962 साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी मांडला. टॅकिऑन हे नाव 1967 मध्ये फाइनबर्गनं दिलं. गणितात त्याची चाल उलटी आहे. ऊर्जा गमावली की तो आणखी पळतो, आणि प्रकाशाच्या वेगापर्यंत खाली यायला त्याला अनंत ऊर्जा लागेल. असा कण आजवर सापडलेला नाही. 2011 मध्ये इटलीतल्या प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले, तेव्हा मीही वर्गात उत्साहानं सांगितलं होतं. पुढं त्यात ऑप्टिकल फायबरची नीट न बसलेली जोडणी निघाली.

सोयीसाठी टॅकिऑनचा वेग सगळीकडे प्रकाशाच्या तिप्पट धरा. तिसऱ्या ठिपक्यावरून हिरवा बाण: तिप्पट वजा दुप्पट, म्हणजे 2 मिमी वर, 2 मिमी उजवीकडे. तो बाहेर निघाला! लाल रेघ त्याला अडवत नाही, कारण ती आखलीच प्रकाशाच्या वेगानं.

पोरगी बराच वेळ पट्टी सरकवत बसली. मग म्हणाली, "मॅडम, ओढ तिप्पट झाली की हाही अडकणार." तिनं स्वतः आकडेमोड केली: क्षितिजाच्या नवव्या भागावर, 4.4 मिमीवर. तिथं तिनं बारीक हिरवी रेघ मारली.

ही रेघ पुसू नका, पण पेन्सिलनं बाजूला लिहून ठेवा: "तिप्पट, कुणाच्या मोजणीनं?" टॅकिऑनच्याच दिशेनं प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्शाहून, म्हणजे सेकंदाला लाखभर किलोमीटरहून, जास्त वेगानं जाणाऱ्या माणसाला तोच कण आधी पोचलेला आणि मग निघालेला दिसेल. त्याची तिप्पट वेगळी, त्याची हिरवी रेघही वेगळी. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाही सारखाच मिळतो, म्हणून लाल रेघ दोघांच्याही कागदावर 4 सेंमीवरच येते.