ज्वारीचं ताट काट्यावर ठेवा, झाडाचं फिजिक्स घरीच मोजा

परभणी-बीडकडं रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते हे सगळ्यांना माहितीय, पण एक ताट, म्हणजे ज्वारीचं एक झाड, दिवसाला किती पाणी उडवतं असं विचारलं की "लई नाही लागत" याच्या पुढं कुणी जात नाही. आकडा काढता येतो आणि तो अकरावी-बारावीच्या पोरांनी काढावा असं मला मनापासून वाटतं, कारण बायोच्या पुस्तकातलं बाष्पोत्सर्जन (पानांतून पाणी उडणं) आणि फिजिक्सच्या पुस्तकातली सुप्त उष्णता (पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता) ही एकाच पानावर घडणारी गोष्ट आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं 1724 साली सूर्यफुलाच्या कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्यानं झाकून ती झाडासकट सकाळ-संध्याकाळ तोलली होती, आपण तेच करायचंय.

रंगाची छोटी रिकामी बादली घ्या, भोक पाडू नका, त्यात काळी माती आणि गुडघाभर झालेलं एक ताट. घरातल्या डिजिटल काट्यावर बहुतेक 5 किलोच मावतं, म्हणून सगळं मिळून 4 किलोच्या आत ठेवा. पाणी द्या, मग मातीवर प्लास्टिक टाकून बुडापाशी टेपनं गच्च बांधा, नाहीतर मातीतून उडालेलं पाणी झाडाच्या नावावर जाईल. शेजारी तशीच दुसरी बादली, तीच माती, तेच प्लास्टिक, फक्त ताटाच्या जागी वाळलेली काडी. आणि झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली पण दरवेळी तोलायची, तिचं वजन बदललं तर काटा सरकलाय असं समजा, ही सवय लई कामाची आहे. वजन घरात करा, वाऱ्यानं आकडा हलतो.

सकाळी 9 ला वजन, उन्हात ठेवा, 12 ला परत वजन. समजा ताटाची बादली 64 ग्रॅमनं उतरली अन् काडीची 4 नं, तर पानांतून 60 ग्रॅम गेले.

आता पानांचं क्षेत्रफळ. ज्वारीच्या पानाला लांबी गुणिले सगळ्यात जास्त रुंदी गुणिले 0.75 केलं की चालतं, म्हणजे 50 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद पान 150 चौरस सेंमी. सगळी पानं मिळून 1000 धरू, म्हणजे 0.1 चौरस मीटर.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 ज्यूल लागतात, तर 60 ग्रॅमला 1,44,000, त्याला 3 तासांच्या 10,800 सेकंदांनी भागा, 13 वॅट येतात, म्हणजे चौरस मीटरला 130 च्या आसपास. एवढी उष्णता पान नुसतं पाणी उडवून बाहेर टाकतंय!! दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला 1000 वॅटच्या आसपास असतं, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

खरी मजा पुढं आहे. पाणी देणं बंद करा आणि रोज त्याच वेळेला, त्याच जागी, तसंच ऊन असताना मोजत राहा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे विसरू नका. आडव्या रेषेवर बादलीचं वजन, उभ्या रेषेवर तासाला उडालेलं पाणी असा ग्राफ काढा. ओल कमी होत जाते तशी पानं आपली रंध्रं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, मिटायला लागतात आणि ग्राफ एका ठिकाणी खाली वळतो. तो वळतो त्या दिवशी पानं गुंडाळलेली दिसतायत का अजून सरळच आहेत तेही वहीत आकड्याशेजारी लिहा, आणि मग तुरीचं झाड घेऊन त्याचा ग्राफ याच कागदावर काढा.