रोइंग मशीन आणि हातावरचे फोड : या चुका टाळा

रोइंग मशीनवर, म्हणजे सरकत्या सीटवर बसून हँडल ओढत होडी वल्हवल्यासारखा व्यायाम करण्याच्या यंत्रावर, नियमित व्यायाम सुरू केला, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाताला फोड येतात आणि बहुतेक जण ते मेहनतीचे लक्षण समजून अंगावर काढतात. सुरुवातीच्या दिवसांत एखाद-दुसरा लहान फोड येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड येत असेल, तर त्यामागे हमखास काहीतरी चुकत असते आणि काय चुकते आहे, हे बहुतेक वेळा फोडाची जागाच सांगते. म्हणून मलम किंवा पट्टी शोधण्याआधी हात उजेडात धरून फोड नेमका कुठे आला आहे, हे नीट पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाण्यावर रोइंग करणाऱ्या खेळाडूंची गोष्ट वेगळी असते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या एकेरी शर्यतीत तेरावे स्थान मिळवले आणि हा खेळ आपल्याकडे अनेकांना निदान नावाने तरी माहीत झाला. अशा खेळाडूंना प्रत्येक वल्ह्यागणिक वल्ह्याचे पाते आडवे-उभे फिरवावे लागते, त्यामुळे मूठ हातात सतत फिरते आणि त्यांच्या हातांना फोड व घट्टे चुकत नाहीत. मशीनचे हँडल मात्र फिरवायचे नसते, ते सरळ रेषेत मागे यायचे आणि सरळ रेषेत पुढे जायचे असते. त्यामुळे खेळाडूंच्या हातांकडे बोट दाखवून मशीनवर आलेल्या फोडांचे समर्थन करणे योग्य नाही.

फोड कसा तयार होतो, हे समजले की पुढचे सारे सोपे जाते. कातडी वरून खरवडली गेल्यामुळे फोड येतो, असा एक समज आहे, पण तसे नसते. घामाने ओलसर झालेली कातडी हँडलला धरून राहते, आतले हाड मात्र ओढीबरोबर पुढे-मागे सरकते आणि या दोहोंमध्ये कातडीचे थर ताणले जातात. मिनिटाला २० ओढींच्या संथ गतीने अर्धा तास व्यायाम केला, तरी हा ताण ६०० वेळा बसतो. शेवटी आतला एक थर फाटतो आणि त्या पोकळीत हळूहळू पाणी साचते. फोड कित्येकदा व्यायामानंतर तास-दोन तासांनी दिसू लागतो, तो यामुळेच. त्याआधी मात्र त्या जागी गरम लागते, चुरचुरते. ही चुरचुर जाणवली की थांबायचे असते, पण "शेवटची पाचच मिनिटे राहिली आहेत" म्हणून आपण थांबत नाही. या पाच मिनिटांची किंमत पुढे पाच-सात दिवस मोजावी लागते.

हँडल आवळून धरणे

सर्वांत जास्त फोड या एका चुकीमुळे येतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

भरलेली बादली कडीने उचलून नेताना आपला हात कसा असतो, ते आठवून पाहा. कडी बोटांच्या आकड्यात अडकलेली असते, तळहात मोकळा असतो, अंगठ्याला फारसे काम नसते आणि मनगट सरळ असते. बादली कितीही जड असली, तरी आपण तिची कडी तळहातात गच्च दाबत नाही, कारण वजन पेलण्यासाठी बोटांचा आकडा पुरतो. रोइंग मशीनचे हँडल नेमके असेच धरायचे असते. ते बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर टेकवायचे नसून बोटांच्या पेरांमध्ये अडकवायचे असते. अंगठा खालून नुसता आधाराला ठेवावा, बोटांवर दाबून बसवू नये.

आता फोडाच्या जागेकडे येऊ. बोटे जिथे तळहाताला मिळतात, तिथल्या उंचवट्यांवर, विशेषतः मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या खाली फोड आला असेल, तर हँडल तळहातात खोलवर धरले जात आहे. त्या जागी कातडीची घडी पडते आणि प्रत्येक ओढीला ती घडी चिमटली जाते. अंगठ्याच्या आतल्या बाजूला फोड असेल, तर अंगठा गरजेपेक्षा जास्त आवळला जात आहे. करंगळीची बाहेरची कड सोलवटली असेल, तर हात हँडलच्या अगदी टोकाला गेले आहेत, ते थोडे आत घ्यावेत. फोड एकाच हाताला येत असतील, तर त्या हाताने जास्त ओढले जाते आहे, आणि उजव्या हाताने सगळी कामे करणाऱ्यांमध्ये असे होणे अगदी शक्य आहे. बोटांच्या पेरांवर कातडी थोडी जाड होत असेल, तर मात्र काळजीचे कारण नाही, कारण भार जिथे यायला हवा, तिथेच तो येत आहे.

पकड सैल आहे की नाही, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. ओढ संपवून सीटवरून पुढे सरकताना हँडल तळहाताच्या नुसत्या आधाराने पुढे जाऊ द्यावे आणि पेटीच्या पट्ट्यांवर फिरवावीत तशी बोटे हलवून पाहावीत. बोटे मोकळेपणाने हलली तर पकड बरोबर आहे. ती हँडलवर चिकटून बसली असतील, तर हातांना विश्रांतीचा जो अर्धा वेळ मिळायला हवा, तोही मिळत नाही, असे समजावे. दर दहा ओढींनंतर एकदा असे करण्याची सवय लावली, तर दोन आठवड्यांत हात आपोआप सैल राहू लागतो.

पकड आवळली जाण्याचे मूळ पुष्कळदा हातात नसतेच. या व्यायामात जोर आधी पायांनी लावायचा, मग पाठ मागे न्यायची आणि अगदी शेवटी हात दुमडायचे, असा क्रम असतो. पाय सरळ होण्याआधीच हातांनी ओढायला सुरुवात केली, की सारा भार बोटांवर येतो आणि मूठ आपसूक आवळते. तसेच हँडल गळ्याच्या दिशेने वर ओढले, तर मनगटे वाकतात आणि हँडल पेरांतून तळहाताकडे लोळते. ओढ छातीच्या खाली, बरगड्यांच्या खालच्या कडेशी संपली पाहिजे. हाताच्या मागच्या बाजूपासून कोपरापर्यंत एक सरळ रेषा दिसते आहे ना, हे आरशात किंवा मोबाइलवर बाजूने चित्रण करून पाहता येते.

डॅम्पर दहावर ठेवणे

कन्सेप्ट टू कंपनीच्या किंवा तशा प्रकारच्या हवेच्या मशीनवर, हँडल ओढले की फिरणाऱ्या चाकाच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा एक खटका असतो, त्याला डॅम्पर म्हणतात. आकडा जितका मोठा तितका व्यायाम चांगला, असे समजून अनेक जण तो थेट १० वर नेतात. डॅम्परमुळे चाकात किती हवा शिरते, एवढेच ठरते. मोठ्या आकड्यावर हवा जास्त शिरते, चाक लवकर मंदावते आणि प्रत्येक ओढीला ते नव्याने उचलून द्यावे लागते, म्हणजे ओढ जड आणि संथ होते आणि तेवढा वेळ बोटांवर भार राहतो. व्यायामाचा जोर डॅम्परच्या आकड्यावर अवलंबून नसतो, तो आपण पायांनी किती जोर लावतो यावर अवलंबून असतो. नवशिक्यांनी डॅम्पर ३ ते ५ च्या दरम्यान ठेवावा. ज्या मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते ते सांगणारा आकडा, पाहण्याची सोय आहे, तिथे तो ११० ते १३० च्या आसपास येईल असे पाहावे. चाकाच्या जाळीत धूळ साचली की तोच डॅम्परचा आकडा वेगळा ड्रॅग फॅक्टर देतो, त्यामुळे दोन मशीनवरचा ५ हा आकडा सारखाच असेल, असे धरून चालू नये.

एकदम अंतर वाढवणे

मी स्वतः ही चूक केली आहे. मशीनवर पंधरा-पंधरा मिनिटे बसण्याची सवय असताना एका रविवारी मी १० किलोमीटरचे अंतर पूर्ण करायचे ठरवले. सातव्या किलोमीटरच्या सुमारास उजव्या अनामिकेच्या मुळाशी चुरचुरू लागले, तरी मी थांबले नाही. मशीनवरून उतरून नळाखाली हात धरला, तेव्हा तिथली कातडी पांढुरकी पडून सैल झालेली दिसली आणि दुपारी जेवायला बसेपर्यंत तिथे चांगला शेंगदाण्याएवढा फोड उभा राहिला होता. पोळीचा तुकडा मोडतानाही तो दुखत होता. दम आणि पाय दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, हातांच्या कातडीला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो, हे तेव्हा कळले. त्यामुळे दम टिकत असला तरी एका आठवड्यात एकूण वेळ थोडाथोडाच वाढवावा आणि मोठे अंतर पार करायचे असल्यास ते ५-५ मिनिटांच्या टप्प्यांत तोडून, मध्ये हात पुसून करावे.

हातमोजे, खडू आणि टेप

जिममधले जाड हातमोजे हा पहिला उपाय म्हणून सुचतो, परंतु जाड मोज्यांमुळे हँडल आणखी जाड होते, ते धरायला मूठ आणखी आवळावी लागते आणि मोज्याच्या आत कापडाची घडी पडली, तर ती घडीच नवा फोड आणते. ज्यांना मोजे हवेच असतील, त्यांनी पातळ आणि हाताला घट्ट बसणारे घ्यावेत. वजन उचलणारे लोक वापरतात तो खडूही इथे कामाचा नाही, कारण घामात कालवून तो हँडलवर थापला जातो आणि पुढच्या माणसाचा हात त्यावर घासतो.

टेप मात्र उपयोगी पडतो, अट एवढीच की तो व्यायामाच्या आधी, जागा माहीत असताना आणि हात कोरडा असताना लावला पाहिजे. खेळाडू वापरतात तो कापडी टेप घामातही टिकतो. कागदी टेप काही मिनिटांत गोळा होतो आणि मग तोच बोचू लागतो. बोट किंचित वाकवून टेप गुंडाळावा, म्हणजे मूठ मिटताना तो आवळत नाही. बोटाचे टोक पांढरे किंवा निळसर पडले, तर तो लगेच सोडवावा.

अंगठ्या आणि वेढणी व्यायामाआधी काढून ठेवाव्यात. व्यायामाच्या लगेच आधी हाताला क्रीम किंवा तेल लावू नये, ते रात्री झोपताना लावावे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हात जेमतेम कोरडे राहतात. अशा दिवसांत एक लहान सुती पंचा मशीनजवळ ठेवून दर काही मिनिटांनी हात आणि हँडल दोन्ही पुसणे, हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. हँडलवर घामाचा आणि मेदाचा थर साचून ते चिकट झाले असेल, तर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. फुटलेल्या फोडातून हँडलला रक्त लागले असेल, तर ते जंतुनाशकाने स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

फोड आल्यानंतरच्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे फोडावरची कातडी ओढून काढणे. ती मेलेली असली, तरी खालच्या नाजूक, ओल्या कातडीवरचे ते सर्वांत चांगले झाकण असते. लहान फोड आणि न दुखणारा फोड मुळीच फोडू नये. त्यातले पाणी काही दिवसांत आपोआप शोषले जाते आणि खाली नवी कातडी तयार होते. त्यावर सैलसर पट्टी लावून तो जपणे, एवढेच करायचे असते.

फोड मोठा, टरटरून फुगलेला आणि ठणकणारा असेल, तरच पाणी काढावे, आणि तेही शिवणकामाच्या डब्यातली सुई काडीपेटीवर धरून नव्हे. काडीच्या ज्वाळेने सुईला काजळी धरते. औषधाच्या दुकानात पाकीटबंद निर्जंतुक सुई मिळते, ती आणावी. हात आणि फोड साबणाने धुवावेत, फोडाच्या मध्यभागी नव्हे तर कडेला एक-दोन ठिकाणी टोचावे, स्वच्छ कापसाने हलके दाबून पाणी बाहेर येऊ द्यावे आणि कातडी तशीच खाली बसू द्यावी. त्यावर थोडे पेट्रोलियम जेली आणि न चिकटणारी पट्टी लावावी, पट्टी रोज आणि भिजली की लगेच बदलावी. रक्ताने भरलेला फोड घरी टोचू नये. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या हातांतील रक्तप्रवाह कमी आहे, त्यांनी कोणताही फोड स्वतः न टोचता डॉक्टरांना दाखवावा.

उघड्या जखमेवर टूथपेस्ट, चुना किंवा स्वयंपाकघरातली हळद भरणे टाळावे. हळदीवर आपला विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि मी तो समजू शकते, परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि ओल्या जखमेवर तिची गुठळी होऊन बसते. सोललेल्या जागी रोज स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यानेही नवी कातडी दुखावते. साबण आणि वाहते पाणी पुरेसे असते. फोडाभोवतीची लाली पसरू लागली, जागा गरम लागू लागली, पू दिसला, ताप आला किंवा हातावर वर जाणारी लाल रेघ दिसली, तर घरगुती उपचार थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पुढे काही महिन्यांनी घट्टे तयार होतात. ते हातांचे संरक्षण करतात, पण फार जाड झालेला घट्टा हँडलमध्ये अडकतो आणि त्याच्या कडेने, कधी त्याच्या खाली, खोल फोड येतो. आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाचेसाठी वापरतो तसल्या वजरीने तो सपाट करावा. ब्लेडने कापू नये.

फोड बरा होईपर्यंत व्यायाम बंद ठेवण्याची गरज नाही. सायकल चालवावी, चालावे, पायऱ्या चढाव्यात. नवी कातडी गुलाबी असली तरी कोरडी झाली आणि दाबल्यावर दुखेनाशी झाली, की मशीनवर परतावे. पहिल्या दिवशी त्या जागी टेप लावावा, डॅम्पर एक-दोन आकडे खाली आणावा, पाच मिनिटे सैल पकडीने ओढावे आणि मग टेप काढून ती जागा उजेडात पाहावी. तिथे लाली नसेल, तर नवा टेप लावून आणखी पाच मिनिटे बसण्यास हरकत नाही.