गोडाऊनचं फ्लोअर तडकतंय? डिझाइनमधल्या या चुका टाळा

महापे असो, रबाळे असो की तळोजा, गोडाऊनच्या फ्लोअरला तडा गेला की पहिला प्रश्न ठरलेला: "स्लॅबची जाडी किती घातली होती?" जाडी बहुधा पुरेशी असते. घोळ झालेला असतो लोड धरताना.

मालक सांगतो, "चौरस मीटरला पाच टन धरा," आणि डिझाइन त्याच आकड्यावर होतं. माल रॅकवर चढणार असेल तर तो आकडा कामाचा नाही. सारखा पसरलेला भार बराचसा सरळ जमिनीत उतरतो. स्लॅबला खरा त्रास देतो रॅकचा पाय. पायावर सहा टन आणि खाली 100 बाय 100 मिमीची बेसप्लेट असेल, तर तेवढ्या जागेवरचा दाब चौरस मीटरला 600 टनांच्या हिशेबाने पडतो. पाठीला पाठ लावलेल्या रॅकचे दोन पाय जेमतेम फूटभर अंतरावर येतात, तिथे बारा टन एकत्रच धरावे लागतात. पाय पॅनेलच्या, म्हणजे सांध्यांनी (जॉइंट) पाडलेल्या स्लॅबच्या तुकड्याच्या, कोपऱ्यावर आला तर परिस्थिती सगळ्यात वाईट. म्हणून रॅकचा लेआउट हातात आल्याशिवाय जॉइंट आखूच नका.

खाडीलगत आणखी एक फसगत होते. मुरमाच्या भरावावर प्लेट लोड टेस्ट (प्लेटवर भार देऊन जमीन किती दबते ते बघणं) झकास येते, पण ती वरच्या एक-दीड मीटरचाच अंदाज देते. खालची मऊ चिकणमाती वर्षानुवर्षं बसत राहते. 150 ऐवजी 200 मिमी स्लॅब घातल्याने ती थांबत नाही, उलट वजन वाढतं. तिथे बोअर घ्याच, म्हणजे खोल छिद्र पाडून खालची माती तपासा. गरज पडली तर जमीन सुधारा, नाहीतर स्लॅब पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) घ्या.

स्लॅबमधली सळयांची जाळी पीसीसीवर (खालच्या साध्या काँक्रीटच्या थरावर) लोळत असेल तर वरच्या भेगा ती रोखणार नाही. चेअर (सळईचे टेकू) लावून जाडीच्या वरच्या एक तृतीयांश भागात धरा. डॉवेल (जॉइंटच्या दोन्ही बाजू जोडणारे सळईचे तुकडे) गुळगुळीतच हवेत, सरळ आणि एका बाजूला ग्रीस लावलेले. तिथे टॉरचे (खरबरीत सळईचे) तुकडे घातले की जॉइंट जखडतो आणि शेजारी तडा जातो. कटरवाला "उद्या बघू" म्हणाला तर ऐकू नका. ग्रूव्ह (जॉइंटसाठी कापायची खाच) त्याच दिवशी, काँक्रीटच्या कडा तुटणार नाहीत इतपत घट्ट होताच मारा, 150 मिमीच्या स्लॅबला 40 ते 50 मिमी खोल.

तडा आधीच गेला असेल तर त्यावर पट्टी आडवी ठेवून बघा. दोन्ही बाजू एका लेव्हलला आणि भेग केसासारखी असेल तर ती बहुधा आकुंचनाची. फोर्कलिफ्टच्या वाटेवर नसेल तर नुसती नजर ठेवा. एक बाजू खाली गेली असेल तर इपॉक्सी भरून पैसे घालवू नका, आधी खालची माती तपासा.