चित्रकादंबरी मुलांसोबत वाचताना
चित्रकादंबरी, म्हणजे चौकटीचौकटींतल्या चित्रांतून सांगितलेली लांब गोष्ट, घरात मोठ्याने वाचायची असेल तर आधी पात्रं वाटून घ्या. निवेदनाच्या चौकटी मोठ्यांकडे, फुग्यांतले संवाद मुलांकडे. 'धडाम', 'खळ्ळ' असले आवाज सगळ्यात धाकट्याला द्या. तो हक्क तो सहसा सोडत नाही! पान कधी उलटायचं ते मात्र मुलांना ठरवू द्या. आपले डोळे अक्षरांमागे पळतात, मुलं चित्रात रेंगाळतात आणि कोपऱ्यात लपलेलं मांजर त्यांनाच आधी दिसतं. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेपाशी थांबून 'इथे मधे काय झालं असेल?' एवढंच विचारा. बरीचशी गोष्ट तिथेच घडते. शेवटी प्रश्नोत्तरं नकोत. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, असेल तर चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.