फिरती प्रकाशयोजना: पहिला दिवा उभा करताना

स्टुडिओबाहेर स्वतःचे दिवे घेऊन छायाचित्रण करू पाहणारे नवोदित बहुधा आधी दिव्यांची ताकद आणि संख्या यांबद्दल विचारतात. इतकी वर्षे आधी साहाय्यक म्हणून आणि नंतर स्वतंत्रपणे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, सुरुवातीला एक फ्लॅश, एक स्टँड, प्रकाश पसरवणारी एक छत्री आणि एक रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून बिनतारी संकेत देऊन फ्लॅश उडवणारे उपकरण) एवढ्यावरच काम करावे आणि दुसरा दिवा मुद्दाम लांबणीवर टाकावा. दिवा एकच असला की तो हातभर सरकवल्यावर चेहऱ्यावरच्या सावलीत नेमके काय बदलले ते स्वच्छ दिसते. तीन दिवे असले की कोणत्या सावलीला कोणता दिवा कारणीभूत आहे हेच कळेनासे होते. ताकदीपेक्षा दिव्याची जागा आणि त्याचा आकार महत्त्वाचा, हे ऐकून पटत नाही. ते अशा सरावातूनच उमजते.

फ्लॅश घ्यावा की एलईडी पॅनल, हा प्रश्न लगेच येतो. एलईडीचा प्रकाश डोळ्यांना आधीच दिसतो, म्हणून शिकायला तो सोपा वाटतो आणि व्हिडिओसाठी तर तोच लागतो. परंतु फ्लॅश आपली सगळी ऊर्जा सेकंदाच्या अगदी लहान अंशात ओततो, त्यामुळे सहज उचलता येण्याजोगे एलईडी पॅनल भर दिवसा जिथे निष्प्रभ ठरते तिथे छोटा फ्लॅशही उपयोगी पडतो. स्थिर छायाचित्रणच करायचे असेल, तर मी निःसंकोचपणे फ्लॅश सुचवेन. फ्लॅशवर छापलेल्या गाइड नंबरवर, म्हणजे त्याची ताकद सांगणाऱ्या आकड्यावर, मात्र फार विसंबू नये. समजा तो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० ला, मीटरमध्ये, ६० आहे. म्हणजे हिशोबाने एफ/८ इतक्या अ‍ॅपर्चरला (भिंगाच्या छिद्राला) साडेसात मीटरपर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचतो. हा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचे डोके सर्वांत लांब झूमवर, म्हणजे झोत सर्वांत अरुंद ठेवून, दिलेला असतो आणि छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) लावला की तो हिशोब लागू राहत नाही.

स्टँड हा या साहित्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि अपघात होतात ते त्याच्यामुळेच. पाय पुरेसे फाकवावेत. मधल्या आडव्या पट्ट्या जमिनीला जवळजवळ समांतर झाल्या की पायांचा पसारा सर्वांत जास्त असतो. उंची वाढवताना जाड नळी आधी आणि सर्वांत बारीक नळी शेवटी बाहेर काढावी. दिव्याचा भार ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला एक पाय यायला हवा, आणि वाळूची पिशवी त्याच्या विरुद्ध बाजूच्या पायावर ठेवावी, कारण स्टँड झुकू लागला की आधी तीच बाजू उचलली जाते. उघड्यावर छत्री लावली की ती जहाजाच्या शिडासारखी वारा धरते. अशा वेळी वाळूची पिशवीही पुरत नाही. स्टँडजवळ माणूस उभा असलाच पाहिजे, आणि तो नसेल तर छत्री काढून उघड्या फ्लॅशवर काम करावे. खाली बसलेल्या माणसावर दिवा पडण्याची शक्यता असेल, तर ते छायाचित्र न काढलेले बरे, असे मी निक्षून सांगतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. फ्लॅश चालू करण्यापूर्वी त्या जागेचा स्वतःचा प्रकाश किती ठेवायचा ते ठरवावे. फ्लॅश बंद ठेवून एक चौकट टिपावी आणि पार्श्वभूमी हवी तेवढी उजळ किंवा गडद दिसेपर्यंत शटर स्पीड बदलावा. फ्लॅशचा लखलखाट शटर उघडे राहण्याच्या काळापेक्षा पुष्कळच छोटा असल्यामुळे शटर स्पीड बदलून फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, तर अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्ही प्रकाशांवर सारखाच परिणाम करतात. हे एकदा नीट कळले की दोन वेगळ्या नळांचे पाणी हवे तसे मिसळता येते. शटर स्पीडला वरची मर्यादा असते ती सिंक स्पीडची, म्हणजे शटर एका क्षणी पूर्ण उघडे राहते अशा सर्वांत जलद वेगाची, बऱ्याच कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आसपास. त्यापुढे गेल्यास शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि चौकटीच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

यानंतर दिवा कुठे ठेवायचा ते पाहावे. चेहऱ्यासाठी मी तो साधारण पंचेचाळीस अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवून सुरुवात करतो, आणि मग दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दिसतो का हे तपासतो. ठिपका दिसत नसेल तर दिवा जास्त वर गेला आहे. चष्मा असेल तर काचेत छत्री दिसेनाशी होईपर्यंत दिवा थोडा वर किंवा बाजूला न्यावा, अथवा चष्म्याच्या काड्या किंचित वर उचलायला सांगाव्यात.

अंतराचा विषय मात्र सावकाश शिकावा, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सावलीची कड मऊ दिसणे हे दिव्याच्या मोजलेल्या आकारावर नव्हे, तर समोरच्या माणसाच्या जागेवरून तो केवढा दिसतो यावर ठरते. तीच छत्री चेहऱ्यापासून एक मीटरवर मऊ प्रकाश देते आणि चार मीटरवर जवळजवळ उघड्या फ्लॅशसारखी कठोर होते. शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). याचा पार्श्वभूमीवर होणारा परिणाम फार उपयोगाचा आहे. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत त्याच रेषेत आणखी एक मीटर मागे असेल, तर भिंतीवर दोन स्टॉप कमी प्रकाश पडतो. तोच दिवा तीन मीटरवर नेला, तर हा फरक एका स्टॉपपेक्षाही कमी होतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याने, भिंत काळी करायची की उजळ, हे केवळ स्टँड सरकवून ठरवता येते. दिवा जवळ आणला की ताकदही कमी लागते, फ्लॅश लवकर पुन्हा भरतो आणि बॅटरी जास्त टिकते. म्हणूनच मी दिवा चौकटीच्या कडेपर्यंत आणतो आणि मगच ताकद ठरवतो, तीही मॅन्युअलवर, कारण टीटीएल (फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणारी पद्धत) प्रत्येक चौकटीत स्वतःचा निर्णय बदलते आणि शिकणाऱ्याला कारण आणि परिणाम जोडता येत नाहीत.

भर उन्हातली गोष्ट वेगळी. आयएसओ १०० आणि १/२०० सेकंदाला उन्हातील एक्सपोजर साधारण एफ/११ येते; एवढ्या उजेडाशी छत्रीतला छोटा फ्लॅश झगडू शकत नाही. हाय-स्पीड सिंक या फ्लॅशच्या सोयीने शटर स्पीड सिंक स्पीडच्या पुढे वाढवता येतो, पण त्यात फ्लॅशची ताकद पुष्कळ घटते. माणसाला सावलीत उभे करणे किंवा ऊन त्याच्या पाठीमागून घेऊन फ्लॅश फक्त चेहऱ्याकडच्या सावलीपुरता वापरणे, हे उपाय मला अधिक भरवशाचे वाटतात.

रंगाकडेही सुरुवातीपासून लक्ष द्यावे. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर. फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा, तर पिवळसर टंगस्टन दिव्यांचा ३२०० च्या आसपासचा असतो. अशा खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंग जुळवण्याची सोय) टंगस्टनवर ठेवला, तर दोन्ही प्रकाश एकसारखे दिसतात. नाहीतर चेहरा नीट आणि भिंत पिवळी, असे मिश्रण नंतर संगणकावर सुधारणे अतिशय कष्टाचे होते.

या क्षेत्रात शिरण्यासाठी एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराकडे साहाय्यक म्हणून काम करणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. साहाय्यकाकडून अपेक्षा असते ती दिवा सांगितल्याबरोबर सरकवण्याची, बदललेली ताकद मोठ्याने सांगण्याची, आणि ट्रिगर व फ्लॅश एकाच चॅनेलवर असल्याची खात्री करण्याची. बॅटऱ्यांची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. एए आकाराच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या फ्लॅशसाठी निकेल-मेटल हायड्राइडच्या पुनर्भरणीय बॅटऱ्या घ्याव्यात, कारण साध्या अल्कलाइनपेक्षा त्यांतून फ्लॅश लवकर भरतो. चार-चारचे संच वेगळे ठेवून भरलेल्या आणि संपलेल्या संचांची सरमिसळ होऊ देऊ नये. विमानाने जाताना लिथियम-आयनच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात न टाकता केबिनमध्ये सोबत न्याव्या लागतात; त्यांची टोके झाकलेली असावीत, आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठ्या असल्यास विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी लागते.